आमच्या ओढ्याचं पाणलोट (जेवढ्या भागातलं पाणी ओढ्यात येतं तो भाग) मोजलं त्याच्या नोंदी (मे ते डिसेंबर)

माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, मी इंजिनिअर नाही हे आधीच सांगतो. गाव पुरंदर तालुक्यात, सासवड-जेजुरीच्या मधल्या पट्ट्यात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे वाचलं की कळेल का ते. कोणाला आपल्या गावच्या ओढ्याचं असंच काम करायचं असेल तर माझ्या चुका त्याला फुकटात मिळाव्यात म्हणून हे टाकतोय.

१२ मे

सुरुवात झाली भांडणातून. ग्रामसभेत ओढ्याच्या खोलीकरणाचा विषय निघाला, जेसीबी लावा म्हणणारे पंधरा आणि नको म्हणणारे दोन, त्यातला एक मी. कुणीतरी विचारलं की ओढ्याला पाणी येतं किती आणि येतं कुठून, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मीच बोललो की मोजून सांगतो. तोंड उघडलं की काम मागं लागतं ते असं.

ओढ्याचं आत्ताचं दुखणं एवढंच की जुनी माणसं सांगतात पुलाखाली संक्रांतीपर्यंत पाणी वाहायचं, आणि आता दिवाळी झाली की ठणठणाट. हे पाणी पुढे कऱ्हेला मिळतं, कऱ्हा नाझऱ्याच्या धरणात, तिथून बारामतीच्या पुढे सोनगावला नीरेत आणि नीरा नरसिंहपूरला भीमेत. म्हणजे कागदावर आमचं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातं, प्रत्यक्षात अर्धं वर्ष ते गावच्या पुलापर्यंतसुद्धा पोचत नाही.

१९ मे

सर्व्हे ऑफ इंडियाच्या साईटवरून टोपोशीट (जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा) डाऊनलोड केलं, फुकट मिळतं पण लॉगिनला अर्धा तास गेला. १:५०,००० चा नकाशा, दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) उंचीचा २० मीटरचा फरक. आमचा अख्खा ओढा त्याच्यावर बोटभर दिसतो. तरी एक गोष्ट कळली, मी ज्याला एक ओढा समजत होतो तो वरती तीन फाट्यांचा आहे आणि सगळ्यात लांबचा फाटा मी आयुष्यात बघितलेला नाही.

२६ मे

आठवडा वाया गेला. एसआरटीएमचा, म्हणजे अंतराळयानातून मोजलेला, ३० मीटरच्या चौकोनांचा उंचीचा डेटा घेतला, क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर टाकलं, यूट्यूबवर बघून पाणलोट काढलं. पहिल्या वेळी पाणलोट आलं तीन हेक्टर, आमच्या चुलत्यांचं शेत त्याच्यापेक्षा मोठं आहे. कारण असं की आपण पुलावर जो ठिपका देतो तो कॉम्प्युटरने आखलेल्या ओढ्याच्या रेषेवर अचूक पडायला पाहिजे, एक चौकोन जरी बाजूला पडला तरी तो फक्त त्या चौकोनाच्या मागचं शेत मोजून देतो. ठिपका सरकवला तर आलं ०.०००४ का कायतरी, कारण सगळं अक्षांश-रेखांशात चाललेलं, क्षेत्रफळ अंशांमध्ये येत होतं. आपल्याकडे यूटीएम झोन ४३ (अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणारं प्रोजेक्शन) लावायचा असतो, आधी प्रोजेक्शन बदला आणि मगच पुढच्या कामाला हात लावा.

शेवटी रात्री दीड वाजता आकडा आला ४८६ हेक्टर. पुलापाशी उंची ७२० मीटरच्या आसपास, सगळ्यात वरचा माथा ९३० च्या आसपास, लांबच्या फाट्यापासून पुलापर्यंत ओढा ४ किलोमीटर. बायको म्हणाली हे गावात कोणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. तिचं अर्ध बरोबर होतं हे पुढच्याच रविवारी कळलं.

२ जून

नकाशाची प्रिंट घेऊन शिवारफेरी. बरोबर पुतण्या आणि मेंढरंवाले आबा. आबांचं वय सत्तरच्या पुढं, या डोंगरावर त्यांचे पन्नास पावसाळे गेलेत. टोपोशीटवर आमच्या ओढ्याला नावच नाही, आबांनी चार किलोमीटरमध्ये अकरा नावं सांगितली. बेलाची घळ, खोकड-ओघळ, म्हसोबाचा डोह, मधल्या फाट्याला थोरला ओढा आणि सगळ्यात लांबच्याला नुसतं 'पल्याडचं'. पुतण्याने सगळी नावं लोकेशनसकट फोनमध्ये टाकली. हे काम मी सगळ्यात आधी करायला पाहिजे होतं कारण नावात माहिती असते, खोकड-ओघळ म्हणजे तिथे खोकडांना (लहान कोल्ह्यांना) राहायला कपारी आहेत, आणि उंबरहाळ नावाच्या ठिकाणी खरंच जूनच्या दोन तारखेला दगडाखाली ओल होती.

माथ्यावर नुसता मुरमाड माळ, चार बोटं माती आणि खाली खडक. मधल्या उतारावर ताली घातलेली बाजरी-वाटाण्याची रानं, काही ठिकाणी सीताफळ. खाली पुलाजवळ अंजिराच्या बागा आणि काळी माती. ओढ्याच्या काठाला पूर्वी करंज होते म्हणे, आता दोन्ही बाजूंनी वेडी बाभूळ आणि घाणेरी. माझा शर्ट फाटला.

पल्याडच्या फाट्याकडे जाताना आबा खिंडीत डांबरी रस्त्यावर थांबले आणि म्हणाले, "ह्यो वगळ आता आपला न्हाई ऱ्हायला." वगळ म्हणजे ओघळ. मला वाटलं कुणीतरी जमीन विकली असेल. मी मान हलवली आणि पुढे गेलो. ही या सगळ्या कामातली माझी सगळ्यात महागडी चूक, तीन महिने गेले हिच्यात.

९ जून

पर्जन्यमापक. आधी कोल्ड्रिंकच्या बाटलीचा केला, वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा. बाटलीचं बूड सपाट नसतं त्यामुळे खालचे आकडे खोटे येतात, मग तेवढ्यापुरतं आधीच पाणी भरून शून्य केलं. तिसऱ्या दिवशी शेळीने पाडला. ६५० रुपयांचा विकतचा आणला आणि शाळेच्या गच्चीवर लावला, तिथे शेळी चढत नाही. पोरं रोज सकाळी साडेआठला आकडा फळ्यावर लिहितात, ही या प्रोजेक्टमधली एकमेव गोष्ट जी पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट चालली.

१६ जून

पुलाच्या वरच्या ६०० मीटरचा उतार मोजायला घेतला कारण बंधारा झाला तर तिथेच होणार. साधन म्हणजे गवंड्याकडची लेव्हल ट्यूब, पारदर्शक पाईप पाणी भरून, दोन टोकांना दोन काठ्या आणि काठ्यांना टेप चिकटवलेला. दर १५ मीटरला काठी पुढे, म्हणजे ४० वेळा. दिवसभर वाकून वाकून केलं, संध्याकाळी परत उलटं मोजत आलो, कारण जाऊन येऊन बेरीज शून्य यायला पाहिजे. आली ४१ सेंटीमीटर. पाईपमध्ये बोटाच्या पेराएवढा एक बुडबुडा अडकला होता आणि तो आम्ही दिवसभर बरोबर घेऊन फिरत होतो.

२३ जून

परत मोजलं. पाईप बादलीतून हळूहळू भरायचा, नळाखाली धरायचा नाही, आणि सुरू करायच्या आधी दोन्ही टोकं एकत्र धरून पाणी एकाच रेषेत येतंय का बघायचं. या वेळी फरक ३ सेंटीमीटर. ६०० मीटरला उतार ९.४ मीटर, म्हणजे साधारण ६४ ला १. बंधाऱ्याच्या दृष्टीने हे वाईट आहे, दीड मीटर उंचीची भिंत घातली तरी पाणी मागे शंभर मीटरसुद्धा पसरणार नाही. हे ऐकून भाऊकीतले एक जण नाराज झाले, त्यांच्या शेताजवळ तो बंधारा धरलेला होता.

आतापर्यंत पाऊस ९४ मिलीमीटर आणि पुलाखाली थेंब नाही. सगळं जमीन पितेय.

५ जुलै

व्ही-नॉच बसवली. पत्र्याची पाटी, मधोमध नव्वद अंशाची खाच, खाचेतून किती उंचीने पाणी पडतंय ते पट्टीने मोजायचं की सेकंदाला किती लिटर ते कळतं. ७ सेंटीमीटर असेल तर साधारण १.८ लिटर, ३० असेल तर ६८ लिटर, मधलं सगळं कोष्टक करून दुकानात चिकटवलंय. पाटी सासवडच्या वेल्डिंगवाल्याकडे करायला टाकलेली पण पालखीचा मुक्काम सासवडला, दुकान दोन दिवस बंद आणि रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. काल माऊली जेजुरीकडे निघाल्यावर पाटी हातात आली. १,९०० रुपये.

कोरड्या पात्रात चर खणून पाटी उभी केली, बाजूला दगड-माती ठोकली.

८ जुलै

काल संध्याकाळी पहिलं पाणी आलं, सगळं पाटीच्या खालून. खाच कोरडी आणि पाटीच्या बुडाशी भोक पाडून ओढा आरामात चाललाय. खाली मुरूम असेल तर पाणी पाटीखालून वाट काढतंच, प्लास्टिकचा कागद आणि सिमेंट आधीच घालायला पाहिजे होतं. ६०० रुपये अजून.

१९ जुलै

पाटी गेली. रात्री पाऊस झाला, सकाळी जाऊन बघतो तर सिमेंटचा ठोकळा जागेवर आणि पाटी नाही. म्हसोबाच्या डोहाच्या खाली, ३०० मीटरवर, बाभळीत अडकलेली सापडली, पापडासारखी वळलेली. आता शांतपणे विचार केल्यावर कळतं की माझी खाच ६८ लिटरची आणि रात्रीचं पाणी त्याच्या कितीतरी पट असणार, हा हिशोब मी आधी का केला नाही देव जाणे. व्ही-नॉच ही हिवाळ्यातल्या बारीक धारेसाठी, पावसाळ्यातल्या ओढ्यासाठी नाही. पाटी लोहाराकडून सरळ करून ठेवली.

४ ऑगस्ट

मग तरंगत्या वस्तूची पद्धत. दहा मीटर लांबीचा सरळ तुकडा धरायचा, वरून काहीतरी तरंगणारं सोडायचं आणि सेकंद मोजायचे. प्लास्टिकचा बॉल वाऱ्याने पळतो, पान कडेला चिकटतं. लिंबू सगळ्यात चांगलं, अर्धं बुडतं आणि पाण्याच्या वेगाने जातं. मी दहा लिंबं घेऊन ओढ्यात उतरलो, एक एक सोडतोय आणि पुतण्या खालच्या बाजूला पकडतोय. आज अमावस्या होती हे दोघांच्याही डोक्यात नव्हतं.

पलीकडून आजी निघाल्या होत्या त्यांनी बघितलं आणि जागेवरूनच ओरडल्या, "कुणाच्या नावानं सोडतुयास रं?" मी म्हणालो आजी वेग मोजतोय. "यग मोजतुय म्हनं! आमुशाला लिंबू सोडून यग मोजत्यात व्हय!" संध्याकाळपर्यंत गावभर झालं की दुकानवाल्याने ओढ्यात उतारा टाकलाय आणि पुलाच्या खालच्या अंगाला धुणं धुणाऱ्या बायकांनी दोन दिवस तिकडे पाऊल टाकलं नाही. तेव्हापासून वांगी वापरतो. वांगं पण छान तरंगतं आणि त्याच्यावर कोणाचा आक्षेप नाही.

आजचं माप: रुंदी २.४ मीटर, सरासरी खोली १८ सेंटीमीटर, दहा मीटरला १६ सेकंद. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात असतं म्हणून ०.८ ने गुणलं. सेकंदाला साधारण २१६ लिटर.

११ ऑगस्ट

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीचा पूर इकडे सगळ्यांच्या लक्षात आहे, पुण्यात आंबिल ओढ्याने आणि इकडे कऱ्हेने जो धिंगाणा घातला तोच. आमच्या ओढ्याचं त्या रात्रीचं पाणी कुठपर्यंत आलं ते तीन जणांना वेगवेगळं विचारलं, एकमेकांसमोर नाही, कारण एकत्र बसले की पूर वाढत जातो. दोघांनी म्हसोबाच्या ओट्याची तीच पायरी दाखवली. तिसरा म्हणाला कळसापर्यंत, त्याला सोडून दिलं.

त्या खुणेवरून काटछेद (पात्राचं आडवं माप) घेतला, रुंदी १२ मीटर आणि सरासरी खोली १.२. उतार आधीच मोजलेला होता त्यामुळे अंदाज निघाला सेकंदाला ४० घनमीटर, म्हणजे चौदाशे क्युसेकच्या घरात. अंदाजच आहे, पाचदहा इकडे-तिकडे. पण पुलाखाली ९०० मिलीमीटरचे तीन पाईप आहेत, त्यातून फार तर पाच घनमीटर जात असेल. पूल का बुडतो हे शोधायला समिती नको.

२५ ऑगस्ट

आज कळलं.

दुपारी ढग भरून आले तसं पुतण्याला पुलावर बसवलं आणि मी गाडी काढून खिंडीत गेलो, वरच्या पावसाला खाली पोचायला किती वेळ लागतो ते बघायचं होतं. चार वाजून दहा मिनिटांनी धो धो सुरू झाला. मी रस्त्याच्या कडेला रेनकोट घालून उभा, पल्याडचा ओघळ डोंगरातून लाल पाणी घेऊन आला, रस्त्यापर्यंत आला, आणि थांबला. मी वाट बघतोय की आता रस्त्याखालून पलीकडे जाईल. रस्ता तिथे भराव घालून मीटर-सव्वामीटर उचललाय आणि ओघळाच्या जागी मोरीच नाही. पाणी काटकोनात वळलं, रस्त्याच्या कडेच्या गटारीला लागलं आणि उताराने पूर्वेला चालू पडलं. मी त्याच्या बरोबरीने चालत गेलो, अडीचशे पावलं. तिथे दोन पाईपची मोरी आहे, पाणी तिच्यातून रस्ता ओलांडून धबधब्यासारखं खाली पडतं ते थेट शेजारच्या गावच्या ओढ्यात.

भिजत उभा राहिलो आणि आबांचं वाक्य आठवलं. ह्यो वगळ आता आपला न्हाई ऱ्हायला.

आपल्या कॉम्प्युटरने हे का नाही दाखवलं? एसआरटीएमची मोजणी अंतराळयानातून झाली फेब्रुवारी २००० मध्ये, रस्ता झाला सात-आठ वर्षांपूर्वी. आणि आजचा डेटा असता तरी ३० मीटरच्या चौकोनात सव्वा मीटरचा भराव दिसणार नाही. माझ्याकडे होता तो चोवीस वर्षांपूर्वीच्या ओढ्याचा नकाशा आणि मी त्याच्यावर तीन महिने हिशोब करत बसलो.

पुलावर पाणी पाच वाजून पाच मिनिटांनी आलं. पंचावन्न मिनिटं. ज्या कामासाठी गेलो होतो ते पण झालं.

१५ सप्टेंबर

हद्द पायी फिरून नव्याने आखली, तीन रविवार. नियम एकच ठेवला की नकाशा काहीही म्हणो, जिथे शंका आहे तिथे पावसात उभं राहायचं. अजून दोन ठिकाणी किरकोळ फरक सापडला. एके ठिकाणी ताल फोडून पाणी पलीकडच्या शेतात घेतलंय. दुसऱ्या ठिकाणी ७२ च्या दुष्काळात झालेला पाझर तलाव आहे, त्याचा सांडवा ज्या बाजूला निघतो तिकडे माझी रेष नव्हती. सॉफ्टवेअर खड्डे भरून काढतं तेव्हा असे छोटे तलाव सपाट होऊन जातात, हे लक्षात ठेवा.

मोठा फरक रस्त्याचाच, ६८ हेक्टर. ४८६ मधले ६८ गेले, म्हणजे सातवा हिस्सा. पावसाळ्याचे ६०० मिलीमीटर धरले आणि त्यातलं वीस टक्के वाहून येतं असं मानलं तर ८१,६०० घनमीटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर आठ हजारावर खेपा. वीस टक्के हा माझा अंदाज आहे, कोणी पंधरा धरेल कोणी पंचवीस, पण दहा धरले तरी चार हजार टँकर होतात आणि ते दरवर्षी.

रस्ता ज्यांच्याकडे येतो त्या ऑफिसला अर्ज दिला, नकाशा आणि पावसातला व्हिडिओ जोडून. साहेब म्हणाले मोरी आहे की तिथे. मी म्हणालो साहेब मोरी अडीचशे पावलं पुढे आहे. म्हणाले, मग पाणी जातंय ना?

२९ सप्टेंबर

शेजारच्या गावात गेलो, तिकडे आमची आत्या दिलेली आहे त्यामुळे घरात चहा मिळाला. आतेभावाला नकाशा दाखवला. त्याने मला गाडीवर बसवून त्यांच्या ओढ्यावर नेलं. त्या वाढीव पाण्यावर त्यांनी चार वर्षांपूर्वी वर्गणी काढून बंधारा घातलाय, खाली सात विहिरींना पाणी, दोन नवीन सीताफळाच्या बागा. त्यांना वाटतं पाऊसमान सुधारलंय. आतेभाऊ म्हणाला, "दादा, तू हे आत्ता कुणाला दाखवू नको." 

गावाचं नाव का लिहीत नाही ते हे.

२० ऑक्टोबर

पाऊस संपल्यात जमा, शाळेच्या फळ्यावर एकूण ६१२ मिलीमीटर. आता खरं काम, पाऊस नसताना ओढ्याला पाणी देतं कोण. सरळ केलेली पाटी सिमेंटच्या जुन्या ठोकळ्याजवळ परत बसवली, खाचेत पाणी ७ सेंटीमीटर.

पात्रातून वर चालत गेलो, जिथे जिथे पाणी बाहेर पडतंय किंवा पूर्वी पडत असावं तिथे खूण. चार जागा सापडल्या. त्यातल्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी पण उंची जवळपास सारखीच, ८०० च्या आसपास. उंचीसाठी आधी जीपीएस वापरला, तो एकाच दगडावर बसून वीस मीटर खाली-वर सांगतो. पुतण्याच्या फोनमध्ये बॅरोमीटर आहे, त्याच्यावर पुलापाशी शून्य करून दोन तासांत परत आलो की बरं जमतं, जास्त वेळ लावला तर हवेचा दाब बदलतो आणि आकडा घसरतो. यात एक अख्खी सकाळ गेली.

तिन्ही जागी गोष्ट तीच, वर मांजऱ्या खडक, हाताने खरवडला तर भुगा पडतो, आणि त्याच्या खाली वीतभर लाल गेरूचा पट्टा. मांजऱ्यात मुरलेलं पाणी गेरूवर येऊन अडतं आणि आडवं बाहेर पडतं. एका ठिकाणी मी गेरूवर बोट टेकवलं तर बोटाभोवती पाणी जमा होऊन कडेने ओघळायला लागलं, दुधाच्या पिशवीला बारीक टाचणी लागल्यासारखं. वर उंबर, खाली लव्हाळा, दगड उचलला तर खेकडा.

हे बघितल्यावर खोलीकरणाबद्दल माझं मत अजून पक्कं झालं. पाणी येतंय ८०० मीटरवरच्या पट्ट्यातून आणि आपण खणायला निघालोय ७२० वर, पुलापाशी, जिथे चार फुटांवर काळा पाषाण आहे. पाणी मुरवायचं तर माळावर मुरवा, समतल चर (उताराला आडवे, एकाच उंचीवरचे) मारा, गेरूच्या वर. खाली खोल खड्डा केला तर फोटो चांगला येतो एवढंच.

चौथी जागा मात्र पल्याडच्या फाट्यात, रस्त्याच्या खालच्या अंगाला. उंबर आहे, लव्हाळा वाळलेला आहे, पाणी नाही.

१७ नोव्हेंबर

देवळात बैठक. सहा बाय चारचा फ्लेक्स छापून नेला, आबांनी सांगितलेली अकरा नावं मोठ्या अक्षरात. अर्धा तास लोकांनी नुसती नावं वाचली आणि त्यावर भांडले, बेलाची घळ अलीकडची का पल्याडची. जमलेल्या गर्दीने ओढा पहिल्यांदाच एकत्र बघितला.

खोलीकरण तूर्त थांबलं, माळावर चर मारायला पुढच्या उन्हाळ्यात श्रमदान असं ठरलं, बघू किती जण येतात. रस्त्याचा विषय मी काढला. मी त्या गावातला बंधारा आणि सात विहिरींचंही सांगितलं, लपवलं नाही. अर्धे म्हणाले मोरी फोडून आपलं पाणी परत आणा, रातोरात करू. आबा कोपऱ्यात बसलेले, म्हणाले, "त्यांच्यात बी आपल्याच पोरी नांदत्यात." थोडा वेळ कोणी बोललं नाही, मग दोन्ही बाजूंनी परत सुरू झाले.

माझं वैयक्तिक मत, ओघळाच्या मूळ जागी एक पाईप टाकावा, अर्धं पाणी इकडे अर्धं तिकडे. पावसाळ्यात मोठं पाणी आलं की त्यांचाही बंधारा दोन दिवसांत भरून वाहतो, नंतरचं त्यांना नकोच असतं. पण हे बोलायचं तर आकडे दोन्ही ओढ्यांचे पाहिजेत आणि माझ्याकडे एकाचेच आहेत.

१ डिसेंबर

पाटीवर १० नोव्हेंबरला ५ सेंटीमीटर होतं, म्हणजे मिनिटाला ४६ लिटर. २४ ला २ सेंटीमीटर. २७ नोव्हेंबरला सकाळी खाच कोरडी. म्हसोबाच्या डोहात पाणी आहे, वाहत नाही. या वर्षीची तारीख नोंदवली २७ नोव्हेंबर, पुढच्या वर्षी हीच तारीख बघायची.

खर्च: पर्जन्यमापक ६५०, ट्यूब आणि टेप ४२०, पाटी १,९००, सिमेंट-प्लास्टिक ६००, पेट्रोल दोन हजार, फ्लेक्स ४३२, प्रिंट ३५०. एकूण ६,३५२ रुपये, लिंबं आणि वांगी घरची. दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं असं एकोणीस वेळा, ते यात धरलेलं नाही आणि घरी पण सांगितलेलं नाही.

काल आतेभावाचा फोन आला. म्हणाला तुझी ती पाटी इकडे बसवता येईल का, आमचं पाणी अजून चालू आहे. उद्या सकाळी पाटी काढून नेतोय, पुतण्याला कॉलेज आहे म्हणून आबा येतो म्हणालेत. या वेळी प्लास्टिक आणि सिमेंट बरोबर घेतलंय.